उघड्यावरची रॉक मैफल: नाशिकच्या श्रोत्यासाठी

अनेक वादक एकत्र येऊन वाजवतात, ती रॉक मैफल तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात एक ठरलेला गट असतो आणि दोन-चार गाण्यांपुरते पाहुणे वादक त्याच्या मंचावर येतात. दुसऱ्या प्रकारात वेगवेगळ्या परंपरेतले वादक एका कार्यक्रमासाठी जमतात: गिटार, ड्रम आणि बेसच्या शेजारी तबला, बासरी किंवा सारंगी बसते. तिसरा प्रकार महोत्सवाचा. त्यात दुपारपासून एकामागून एक गट येतात आणि शेवटच्या गटासोबत आधी वाजवून गेलेल्यांपैकी काही जण पुन्हा मंचावर दिसतात. श्रोत्याने कोणती तयारी करावी, हे या प्रकारावर ठरते. म्हणून तिकीट काढण्याआधी कार्यक्रमपत्रिकेवरची सगळी नावे वाचावीत, फक्त सर्वांत मोठ्या अक्षरातले नाव नव्हे.

नाशिकमध्ये अशा संगीताची सर्वांत परिचित जागा म्हणजे गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारातले सुला विनयार्ड्सचे खुले प्रेक्षागृह. द्राक्षमळ्यांच्या मधोमध, उतरत्या पायऱ्यांचे आणि वर छप्पर नसलेले. तिथला सुलाफेस्ट २००८ साली सुरू झाला. २०२० च्या फेब्रुवारीत त्याची तेरावी आवृत्ती झाली, नंतर कोविडमुळे खंड पडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत तो पुन्हा भरला. ऐकण्याची सवय मात्र या गावाला त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९२२ मध्ये पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापन केला. पिंपळपारावरच्या दिवाळीतल्या पाडवा पहाटेला माणसे आजही अंधारात येऊन जागा धरतात. पहाटेच्या गारठ्यात सतरंजीवर बसून आलाप ऐकणाऱ्या माणसाला रॉक मैफलीत नव्याने शिकायचे फार थोडे असते. पण जे असते ते शिकून घ्यावे, कारण इथे आवाजाची ताकद, गर्दीची वागणूक आणि वादकांची आपसातली भाषा वेगळी असते.

सहयोगी मैफलीचा मोठा आरंभबिंदू १ ऑगस्ट १९७१ चा आहे. बांगलादेशातल्या निर्वासितांच्या मदतीसाठी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. एरिक क्लॅप्टन, बॉब डिलन, रिंगो स्टार, लिऑन रसेल आणि बिली प्रेस्टन असे लोक एका मंचावर होते. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ बसले होते. वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यावर रविशंकरांनी हसून सांगितले, की जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे. ते श्रोते अडाणी नव्हते, त्यांना समोरच्या परंपरेची वहिवाट माहीत नव्हती. आपल्याकडच्या श्रोत्याची अडचण उलट बाजूने येते. तबला जुळवताना तो शांत बसतो, पण ड्रमवादकाने काठीवर काठी चार वेळा वाजवून गाणे सुरू केले की नेमके काय घडले हे त्याच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकिर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्या ‘शक्ती’ने पाश्चात्त्य गिटार, व्हायोलिन, तबला आणि घटम यांचा संवाद जगभर नेला. १९९० मध्ये दिल्लीत तयार झालेल्या ‘इंडियन ओशन’ने तबला, बेस गिटार आणि ड्रम ही रचना भारतीय रॉकमध्ये रुजवली. त्यांचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली आला. गटाचे बेसवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते आणि नर्मदाखोऱ्यातले ‘मा रेवा’ हे गाणे त्यांच्याबरोबर गटात आले. महाराष्ट्रात मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत असे. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय असल्याने तो परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि उघड्यावरचे कार्यक्रम तिथून उठले. पुण्यात २०१० पासून ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ने मोठ्या मैदानाची सवय लावली. हा इतिहास पाठ करायचा नाही. पण मंचावर बासरीवाला गिटारवाल्याकडे का पाहतो आहे, हे समजायला त्याचा उपयोग होतो.

मैफलीच्या आधीचा आठवडा ऐकण्यात घालवावा. मुख्य गटाची दोन रेकॉर्डिंग ऐकावीत: एक स्टुडिओतले आणि एक प्रत्यक्ष कार्यक्रमातले. दोन्हींत एकच गाणे असेल तर उत्तम, कारण मंचावर ते गाणे किती लांबते आणि कोणत्या जागी मोकळे सोडले जाते हे त्यातून कळते. मग पाहुण्या वादकाचे स्वतंत्र काम ऐकावे. हा भाग बहुतेक जण टाळतात आणि मैफलीत तिथेच सर्वाधिक गमावतात. एखादा सारंगीवादक दहा मिनिटांसाठी येणार असेल, तर त्याने एकट्याने वाजवलेला एखादा राग कानात असला पाहिजे. नाहीतर त्याने गिटारच्या सुरावर काय उभे केले आणि स्वतःचे काय बाजूला ठेवले हे ऐकूच येत नाही.

तिकिटाच्या बाबतीत तीन गोष्टी तपासाव्यात: एका दिवसाचे आहे की सगळ्या दिवसांचे, एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेतात का, आणि वयाची अट काय आहे. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. द्राक्षमळ्यातल्या कार्यक्रमात मद्यविक्री असतेच, त्यामुळे प्रवेशद्वारावर ओळखपत्र मागतात. छायाचित्र असलेले मूळ कार्ड जवळ ठेवावे, कारण फोनची बॅटरी संपली की त्यातला फोटो उपयोगाचा राहत नाही. लहान मुलांना आत घेतात का, हे आयोजकांकडून आधी विचारून घ्यावे. घेत असले तरी सहा-सात वर्षांखालच्या मुलाला रात्रीच्या मुख्य कार्यक्रमाला नेऊ नये. त्याच्या कानाला तो आवाज सोसत नाही आणि ते मूल तसे सांगूही शकत नाही.

मुंबईहून सुमारे १७० आणि पुण्याहून सुमारे २१० किलोमीटरवर नाशिक आहे. रेल्वेने येणाऱ्याने नाशिक रोडला उतरावे, पण ते स्थानक शहराच्या एका टोकाला आणि गोवर्धन दुसऱ्या टोकाला आहे, हे लक्षात ठेवून वेळ धरावा. गावातून अशोक स्तंभ, गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवली, गंगापूर गाव असा सरळ रस्ता गोवर्धन आणि सावरगावकडे जातो. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारनंतर या रस्त्यावर गाड्या साचू लागतात. दोनच्या सुमारास निघावे, सावरगाव रस्त्यावर मिसळ खाऊन घ्यावी आणि पोट भरलेले असताना आत शिरावे. आतल्या खाण्याच्या रांगा नेमक्या त्याच वेळी लांबतात, जेव्हा दोन गटांच्या मधली विश्रांती असते. रात्री शहर बस मिळेल असे गृहीत धरू नये. परतीची गाडी आधीच ठरवावी आणि वाइन घेणाऱ्याने चालवायला बसू नये. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मद्याची मर्यादा घातली आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नाशिकला सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो आणि पाऊण तासात हवा बदलते. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट जड वाटतो, तर रात्री दहाला धरणाकडून येणारे वारे अंगाला झोंबतात. एक स्वेटर किंवा जाड शाल कमरेला बांधून न्यावी. बूट बंद आणि सपाट तळाचे असावेत, कारण पायऱ्या, माती आणि पाडलेले ग्लास या तिन्हींत चप्पल धोक्याची. दुपारसाठी टोपी आणि रात्रीसाठी छोटी विजेरी पुरते. मोठी पिशवी नेऊ नये, ती प्रवेशाच्या रांगेत अडवतात आणि आत ती सांभाळण्यात लक्ष जाते.

लवकर पोहोचण्याचे खरे कारण गर्दी टाळणे हे नाही. मंच रिकामा असताना तो वाचता येतो. ड्रम कुठे उंचावर ठेवला आहे, तबल्यासाठी वेगळी बैठक आहे का, मध्ये किती माइक उभे आहेत, कोणाच्या पायाशी तिरपा मॉनिटर आहे, हे सगळे दिसते. तबल्याची बैठक ड्रमपासून लांब असेल किंवा ड्रमभोवती पारदर्शक पडदा असेल, तर ध्वनीयोजकाने विचार केला आहे असे समजावे. तबला हलक्या आवाजाचे वाद्य. त्याच्या माइकमध्ये शेजारच्या ड्रमचा आवाज शिरला, की तबला वाढवताना ड्रमही वाढतो आणि दोन्ही चिखल होतात. सारंगी आणि बासरीचे दुखणे तेच. म्हणून चांगला ड्रमवादक अशा गाण्यात जाड काठ्या खाली ठेवून काड्यांची जुडी किंवा ब्रश घेतो. तो बदल दिसला, की पुढचे गाणे पाहुण्याचे आहे हे आधीच कळते.

आता उभे कुठे राहायचे. या एका निर्णयावर मैफलीचा निम्मा अनुभव ठरतो आणि बहुतेक लोक तो न विचार करता घेतात. सर्वांत पुढे, कठड्याला टेकून उभे राहणाऱ्याला वादकांचे चेहरे आणि बोटे दिसतात, पण आवाज तुकड्यांत मिळतो. गिटारचा ॲम्प्लिफायर आणि ड्रम मंचावरून थेट कानावर येतात, गायकाचा आवाज मात्र बाजूला टांगलेल्या मोठ्या स्पीकरमधून डोक्यावरून पुढे जातो. म्हणून पुढच्या रांगेत शब्द पुसट होतात. अगदी कडेला उभे राहिले तर एकाच बाजूचा स्पीकर ऐकू येतो. खर्जाचे मोठे स्पीकर मंचाच्या डाव्या-उजव्या बाजूला असतात आणि दोन्हीकडून आलेल्या लाटा मधल्या पट्ट्यात एकमेकींना जोर देतात, तर कडेला काही जागी एकमेकींना खातात. त्यामुळे मधोमध बेस छातीत घुमतो आणि दहा पावले बाजूला गेले की तोच बेस पातळ होतो. बेस गिटारवादक चुकत नसतो, उभे राहण्याची जागा चुकलेली असते.

ध्वनीयोजकाचे मिक्सरचे टेबल श्रोत्यांच्या मध्ये, मंचासमोर बऱ्याच अंतरावर असते. तो जे ऐकतो त्यावर सगळे पातळ-जाड ठरवतो. त्याच्या टेबलाच्या किंचित पुढे, मध्यरेषेपासून थोडे बाजूला उभे राहणे हा सर्वांत विश्वासाचा सल्ला आहे. सपाट मैदानात पुढच्या डोक्यांनी वरचे बारीक सूर शोषले जातात आणि झांजेची धार बोथट होते. उतरत्या पायऱ्यांच्या प्रेक्षागृहात ही अडचण कमी असते, कारण प्रत्येक रांगेला मंचाकडून थेट वाट असते. अशा जागी मधल्या उंचीच्या पायऱ्या निवडाव्यात. बसून ऐकता येते, सगळा मंच एका नजरेत येतो आणि कोण कोणाकडे पाहतो हे निसटत नाही. अनेक वादकांच्या मैफलीत हे पाहणे जवळून एकाचेच बोट पाहण्यापेक्षा मोलाचे आहे.

उघड्यावर आवाज हवेवर अवलंबून असतो. २० अंश तापमानाला तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ६८ मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक ठोका सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो, तेव्हा मागच्या लोकांच्या टाळ्या मंचावर पोहोचेपर्यंत आणखी मागे पडतात. गायक हात वर करून टाळ्या थांबवतो तेव्हा त्यात तुसडेपणा नसतो. ती टाळी त्याचा ठेका ओढत असते. दिवस मावळल्यावर जमिनीजवळची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार राहिली, की आवाज खाली वळतो आणि दूरवर जातो. म्हणून दुपारी कोरडी वाटलेली ध्वनियोजना रात्री भरलेली वाटते, आणि म्हणूनच गोवर्धनच्या घरांत रात्रीचा कार्यक्रम जास्त ऐकू येतो.

एकत्र वाजवणे ऐकण्याची पहिली पायरी म्हणजे ठेका कोणाच्या हातात आहे हे शोधणे. ड्रम आणि बेस गिटार ही जोडी गाण्याचा पाया धरते. ड्रमच्या खालच्या मोठ्या ढोलावर पायाने पडणारा ठोका आणि बेसची तार एकत्र येतात का, हे एक मिनिटभर दुसरे काहीही न ऐकता ऐकावे. त्या दोघांत फट असेल तर वर कितीही चांगली गिटार वाजली तरी गाणे उभे राहत नाही. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या कानाला हे सोपे जाते. ढोलाचा टोल छातीत कुठे लागतो हे त्याला आधीच ठाऊक असते.

दुसरी पायरी जोराच्या जागेची. आपल्या कानाला समेचे वळण असते. भजनात टाळी समेवर पडते आणि आवर्तनाचा भार पहिल्या मात्रेवर येतो. रॉकमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, स्नेअर ड्रमच्या कोरड्या ठोक्यावर जोर असतो. टाळी वाजवायचीच असेल तर तिथे वाजवावी. केरवा आणि रॉकचा चार मात्रांचा ठेका एकत्र आले की मजा इथेच येते: तबला समेचा भार सांभाळतो, ड्रम दुसऱ्या-चौथ्याला ढकलतो आणि दोघांच्या मध्ये गाणे झोके घेते. सात मात्रांचा रूपक आला, तर ड्रमवादक तो कसा तोडतो हे पाहावे. तीन-दोन-दोन असे धरले तर तो तबल्याच्या बाजूला आला आणि चार-तीन असे धरले तर त्याने स्वतःची वाट ठेवली. दोन्ही बरोबर आहेत, पण गाण्याचा चेहरा बदलतो.

तिसरी गोष्ट सुरांची. गिटार आणि कीबोर्ड बांधलेल्या सुरांवर असतात, तर आपल्याकडचा षड्ज गायकाच्या गळ्यावर ठरतो. एकत्र वाजवताना कोणीतरी मुरड घालावी लागते. गिटारवादक पट्टीवर कॅपो लावतो, कीबोर्डवाला बटणाने सूर सरकवतो, बासरीवादकाच्या शेजारी वेगवेगळ्या लांबीच्या बासऱ्यांची पिशवी असते आणि तबलावादक दोन-तीन दायाँ जुळवून ठेवतो. दोन गाण्यांच्या मध्ये हातोडीचा आवाज आला किंवा बासरी बदलली, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये. गारठ्यात तारा आखडतात आणि सूर चढतो, त्यामुळे सूर्य मावळल्यानंतरच्या पहिल्या तासात जुळवणी वारंवार लागते. तेवढा वेळ शांत राहावे. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या त्या कौतुकाने, पण वादकाला त्या क्षणी शांतताच हवी असते.

मग नजर. रॉक गटात संचालक समोर उभा नसतो, खुणा चालू असतात. गिटारची मान वर उचलली की शेवट किंवा बदल आला. डोके गोल फिरले की तोच भाग पुन्हा. एकाने मान हलवून दुसऱ्याकडे पाहिले की चार किंवा आठ आवर्तने त्याची. त्या आवर्तनांत बाकीचे काय करतात, यावर गटाची जात ओळखावी. चांगले सोबती आवाज उतरवतात, जागा सोडतात आणि एकल वादकाने टाकलेल्या छोट्या तुकड्याला उत्तर देतात. सवाल-जवाब रंगला की तबला आणि ड्रम तुकडे लहान करत आणतात, आठ मात्रा, चार, दोन, एक, आणि शेवटी दोघे तिहाईने एकत्र समेवर येतात. दाद देण्याची जागा ती. मधल्या प्रत्येक वेगवान तुकड्याला ओरडणाऱ्या श्रोत्याला त्या समेचा आनंद पुरा मिळत नाही. नुसता वेग ही सहयोगी वादनातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. ऐकून थांबलेला वादक हा त्यातला सर्वांत मोठा वादक.

पाहुणा आल्यावर पहिले अर्धे मिनिट आवाज बिघडलेला असू शकतो. त्याचा माइक संध्याकाळपासून बंद होता, त्याची पातळी आता प्रत्यक्ष गर्दीत ठरते आहे. लगेच निराश होऊ नये किंवा ध्वनीयोजकाकडे हातवारे करू नयेत. तो तेच काम करत असतो. दोन गटांच्या मध्ये वाद्ये बदलायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. पाणी, प्रसाधनगृह आणि खाणे त्याच वेळेत उरकावे, पण पहिल्या पाच मिनिटांत किंवा शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे, कारण तेव्हा सगळेच उठतात.

कानांची काळजी ही या लेखातली सर्वांत गंभीर सूचना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सुरक्षित ऐकण्याचे मानक जाहीर केले. त्यात आवाजाची सरासरी १०० डेसिबलवर जाऊ नये असे म्हटले आहे. १०० डेसिबलही थोडा नाही. कामाच्या ठिकाणच्या सावध मोजणीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतो आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. त्या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. चार तासांची मैफल त्यात बसत नाही. उपाय स्वस्त आहे: औषधाच्या दुकानात मिळणारी फोमची कानबोळी. ती दोन बोटांत गोल वळून, कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवावी आणि फुगेपर्यंत धरावी. अर्धवट घातली तर फक्त वरचे सूर जातात आणि बेस तसाच राहतो. नियमित जाणाऱ्याने सगळे सूर सारखे कमी करणारी, वादकांसाठी बनवलेली कानबोळी घ्यावी. मोकळ्या हवेत एकाच स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून स्पीकरपासून मागे सरकणे हाही इलाजच. दर तासाला दहा मिनिटे मंचापासून लांब, आवाजाकडे पाठ करून बसावे. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जावे. आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

गर्दीचा विषय नाशिककराला समजावून सांगायला नको. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या पर्वणीत गोदावरीकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जीव गेले. कोचीच्या विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ ला खुल्या प्रेक्षागृहात संगीताचा कार्यक्रम होता. अचानक पाऊस आला, बाहेर थांबलेले लोक उतरत्या पायऱ्यांच्या दारातून आत लोटले आणि चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही घटनांत उतार आणि अरुंद वाट हे कारण सारखे आहे, आणि उतरत्या पायऱ्यांच्या कोणत्याही जागेला ते लागू पडते. आत शिरल्यावर आधी बाहेर पडण्याच्या दोन वाटा पाहून ठेवाव्यात, कारण आलो तीच वाट सगळ्यांना आठवते. सोबत्यांशी भेटण्याची एक जागा ठरवावी, फोन लागेल यावर विसंबू नये. चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसे झाली, म्हणजे आपले अंग आपल्या मर्जीने वळेनासे झाले, की संगीत कितीही रंगले असले तरी तिरपे सरकत बाहेर पडावे. धक्का आल्यावर विरुद्ध ढकलू नये. दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून श्वासाला जागा ठेवावी आणि लाट ओसरली की कडेला जावे. कोणी पडले तर आजूबाजूच्यांनी लगेच कडे करून त्याला उठवावे आणि मंचावरच्या वादकाला हात हलवून दाखवावे. वादकाने वादन थांबवले तर त्याच्यावर ओरडू नये.

फोन एका गाण्यासाठी काढावा आणि खिशात ठेवावा. समोरच्या चाळीस उजळलेल्या पडद्यांमुळे मागच्या पायरीवरच्या माणसाला मंच दिसत नाही आणि फोनमधल्या छोट्या माइकमध्ये बेस जवळजवळ येतच नाही, म्हणून तो व्हिडिओ पुन्हा पाहिलाही जात नाही. मुलाला खांद्यावर उचलून धरणे मागच्यांसाठी तसेच. अनोळखी माणसाला न विचारता धरून नाचू नये, आणि कोणी तसे करत असेल तर सोबतच्या पुरुषांनी मध्ये पडावे. द्राक्षवेलींच्या रांगांत शिरू नये. फेब्रुवारी हा काढणीचा काळ असतो आणि तो मळा कोणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचा आहे.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असतात. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. म्हणून मुख्य गट सहसा साडेआठच्या आसपास मंचावर येतो आणि सर्वांना एकत्र आणणारे शेवटचे गाणे दहाच्या आत येते. ते सोडून गाडी काढायला पळणारा माणूस तिकिटाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाया घालवतो. संपल्यावर वीस मिनिटे पायरीवरच बसून राहावे. वाट मोकळी होते आणि कानही निवतात.

उलट टोकही तितकेच जपावे. दुपारी चारला पहिला गट वाजवतो तेव्हा पायऱ्या रिकाम्या असतात. त्या गटात अनेकदा नाशिक, पुणे किंवा मुंबईची मुले असतात. घरच्या पैशाने घेतलेली वाद्ये घेऊन ती आलेली असतात आणि रात्रीच्या गाण्यात पाहुणे म्हणून पुन्हा तीच मंचावर दिसू शकतात. त्यांना समोर बसून ऐकणारी पन्नास माणसे मिळाली तर पुढच्या वर्षी ती परत येतात. नाशिकच्या श्रोत्याने निदान त्या पहिल्या गटासाठी वेळेवर पोहोचावे.